बांबूची घरगुती तालवाद्ये : आवाज बेटातच ठरतो

(शेतकरी मेळाव्यात शेतकरी व बचत गटांच्या सभासदांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. कृषिविद्या शिकवणारा माणूस खतपाणी सोडून टिपऱ्या आणि खुळखुळ्यांविषयी काय सांगणार, ही शंका रास्त आहे. मी वादक नाही आणि सुतारही नाही. माझा संबंध पिकाशी आहे. पण बांबूचे वाद्य चांगले वाजणार की नाही, हे सुरी हातात घेण्यापूर्वीच बऱ्याच अंशी ठरलेले असते. काठी कोणत्या वयाची तोडली, कोणत्या महिन्यात तोडली आणि ती कशी वाळवली, या तीन गोष्टींवर आवाज अवलंबून असतो. या तिन्ही गोष्टी शेतकऱ्याच्या हातात आहेत. म्हणून हा विषय माझाही आहे आणि आपलाही.

आपल्यापैकी अनेकांच्या बांधावर, विहिरीजवळ किंवा परसात बांबूचे एखादे बेट असते. गरज पडली की कोयता घेऊन जायचे आणि हाताला लागेल ती काठी तोडायची, अशी आपली रीत. हाताला लागते ती बेटाच्या बाहेरच्या बाजूची, म्हणजे बहुधा कोवळी काठी. तिचे वासे टिकत नाहीत, वाद्य तर मुळीच होत नाही, आणि पुढच्या वर्षीचे कोंब देणारा भागच दुबळा होऊन बेट खुरटते. वाद्यासाठी योग्य काठी निवडायला शिकलो, तर बेटही आपोआप सुधारते. आज मला मुख्यतः हेच सांगायचे आहे.

भातशेतीच्या सोबतीची वाद्ये

बांबूची वाद्ये जगात अनेक ठिकाणी शेतीच्या सोबतीनेच वाढली. इंडोनेशियातील जावा बेटाच्या पश्चिम भागात अंगक्लुंग नावाचे वाद्य आहे. बांबूच्या चौकटीत दोन ते चार बांबूच्या नळ्या टांगलेल्या असतात. चौकट हलवली की त्या नळ्यांतून ठरलेला स्वर निघतो. भाताची लावणी आणि कापणी यांच्या विधींत हे वाद्य वाजवले जाते. तेथील भाताच्या देवीचे नाव देवी श्री असे आहे. हे नाव आपल्याला परके वाटणार नाही. युनेस्कोने २०१० मध्ये अंगक्लुंगची नोंद मानवजातीच्या अमूर्त वारशात केली. त्या नोंदीत शेतकऱ्याने लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट आहे. या वाद्यासाठी लागणारा काळा बांबू वर्षातून फक्त दोन आठवडे, झाडांवरचे किरकिरे किडे गात असतात त्या काळातच तोडतात. शिवाय तो जमिनीपासून किमान तीन पेरे सोडून वर तोडतात, म्हणजे मूळ जिवंत राहते आणि बेट वाढत राहते. त्या कारागिरांनी आवाज आणि बेट दोन्ही सांभाळण्याची सोय एकाच नियमात केली आहे.

आपल्या देशात आसामात वैशाखाच्या सुमारास, नव्या हंगामाच्या तोंडावर, बोहाग बिहू साजरा होतो. त्यात ढोल आणि पेपा यांच्याबरोबर टोका नावाचे बांबूचे वाद्य असते. एक बांबू मधून चिरून केलेले हे अगदी साधे वाद्य आहे. आपल्याकडे गोफ आणि टिपऱ्यांचे खेळ आहेतच. तेव्हा आजची वाद्ये विदेशी नवलाई म्हणून पाहू नयेत. ज्याच्याकडे बांबू आहे त्याचा हा वारसा आहे.

काठीची निवड

बांबूचे एक वैशिष्ट्य आधी समजून घ्यावे. आंब्याचे खोड दरवर्षी जाड होत जाते, तसे बांबूचे होत नाही. कोंब जमिनीतून जेवढ्या जाडीचा येतो तेवढीच त्याची जाडी कायम राहते आणि एका पावसाळी हंगामात तो आपली पूर्ण उंची गाठतो. पहिल्या वर्षाची काठी दिसायला पूर्ण वाढलेली दिसते, पण आतून ती कच्ची असते. पुढची दोन-तीन वर्षे ती फक्त पक्की होत असते. वाद्यासाठी तीन ते चार वर्षे वयाची काठी उत्तम.

वय ओळखण्याच्या खुणा अशा. पहिल्या वर्षाची काठी तजेलदार हिरवी असते, तिच्यावर पांढुरकी भुकटी दिसते आणि गाठींजवळ कोंबाची वाळलेली आवरणे चिकटून असतात. दुसऱ्या वर्षी आवरणे बहुतेक गळून जातात. तिसऱ्या वर्षापासून रंग मळकट, पिवळसर होतो आणि सालीवर करड्या रंगाचे दगडफुलासारखे डाग दिसू लागतात. शिवाय कोयत्याच्या पाठीने काठीवर टकटक करून पाहावे. कोवळी काठी बद्द वाजते, पक्की काठी खणखणीत वाजते. वाद्याची पहिली परीक्षा ही अशी उभ्या बेटातच होते.

जातीनुसार उपयोग वेगळा होतो. विदर्भात सर्वत्र आढळणारा मानवेल बांबू जाड भिंतीचा असतो आणि कोरड्या जागी तर जवळजवळ भरीव होतो. कोकणातला माणगाही बराचसा भरीव, सरळ आणि बिनकाट्याचा असतो. हे दोन्ही टिपऱ्यांसाठी चांगले. काटेरी कटांग मोठा आणि पोकळ असतो. तो नळ्या आणि खुळखुळे यांना उपयोगी पडतो. काट्यांमुळे त्याच्या बेटात शिरताना अंगभर कपडे आणि जाड हातमोजे घालावेत.

तोडणी

पावसाळ्यात बेटाला हात लावू नये. त्या काळात नवे कोंब वाढत असतात आणि काठीतही पाण्याचे प्रमाण जास्त असते. पावसाळा संपल्यावर, कार्तिकापासून माघापर्यंतचा काळ तोडणीस योग्य. या काळात काठीतील रस आणि पिष्टमय पदार्थ तुलनेने कमी असतात. बांबू पोखरणारे बारीक भुंगेरे या पिष्टमय पदार्थांसाठीच येतात. तोडलेल्या बांबूखाली पिवळसर पीठ सांडलेले आपण पाहिले असेल, ते त्यांचेच काम. अंधाऱ्या पक्षात तोडावे अशी जुनी रीत आहे. ती पाळण्यात तोटा काहीच नाही. मात्र पक्ष पाळून महिना आणि वय चुकवले तर उपयोग होणार नाही.

काठी जमिनीपासून साधारण १५ ते ३० सें.मी. उंचीवर, गाठीच्या लगेच वर तोडावी. गाठीच्या बरेच वर तोडल्यास खुंटाचा पेला तयार होतो, त्यात पाणी साचते आणि कुजण्याची सुरुवात होते. जुन्या काठ्या बेटाच्या मध्यभागी असतात. त्यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठी एका बाजूने वाट करावी, म्हणजे वरून पाहिल्यास बेट घोड्याच्या नालेसारखे दिसेल. बाहेरच्या बाजूच्या एक आणि दोन वर्षांच्या काठ्या राखाव्यात. पुढचे कोंब त्यांच्या आधारानेच येणार असतात.

भिजवणे आणि वाळवणे

तोडलेली काठी फांद्या व पानांसह सावलीत आठ-दहा दिवस उभी ठेवावी. पाने सुकेपर्यंत ती काठीतले पाणी ओढून घेतात. नंतर फांद्या छाटून काठीचे लांब तुकडे ओढ्याच्या वाहत्या पाण्यात किंवा हौदात दगड ठेवून पूर्ण बुडवावेत आणि तीन ते चार आठवडे राहू द्यावेत. पिष्टमय पदार्थ पाण्यात उतरतात. हौदाच्या पाण्याला वास येऊ लागला की ते बदलावे.

जास्त टिकाऊपणा हवा असल्यास १०० लिटर पाण्यात ३ किलो बोरॅक्स आणि २ किलो बोरिक ॲसिड विरघळवावे. चिरलेले किंवा आतले पडदे फोडलेले तुकडे या द्रावणात ५ ते ७ दिवस बुडवून ठेवावेत. हे काम करताना रबरी हातमोजे वापरावेत. उरलेले द्रावण विहिरीजवळ किंवा पिकाच्या मुळाशी ओतू नये. बोरॉन पिकाला अगदी थोडे लागते, जास्त झाल्यास ते पिकालाच बाधते. लहान मुले जी वाद्ये तोंडात घालण्याची शक्यता आहे, त्यांच्यासाठी द्रावण वापरू नये, नुसत्या पाण्याची प्रक्रियाच करावी.

यानंतर वाळवण. ही पायरी सर्वांत कंटाळवाणी आणि सर्वांत महत्त्वाची आहे. तुकडे उन्हात टाकू नयेत. बाहेरची बाजू लवकर आकसते, आतली ओली राहते आणि बांबू उभा तडकतो. गोठ्याच्या किंवा पडवीच्या सावलीत, वारा खेळेल अशा जागी, जमिनीपासून वर तुकडे उभे करून ठेवावेत. अखंड तुकड्यांना दीड ते तीन महिने लागतात. पुरेसे वाळले हे ओळखण्यासाठी साधा तराजू पुरतो. दर आठवड्याला एकच खूण केलेला तुकडा तोलावा आणि वजन भिंतीवर लिहावे. लागोपाठ दोन आठवडे वजन सारखे भरले की काठी तयार झाली.

हत्यारे आणि काळजी

बारीक दातांची करवत, कोयता, धारदार सुरी, कानस, गिरमिट, पॉलिश पेपर आणि सुतळी एवढ्यात काम भागते. बांबूच्या सालीत सिलिका असते, त्यामुळे हत्यारांची धार लवकर जाते. दगड जवळ ठेवावा. चिरलेल्या बांबूची कड पात्यासारखी असते. कापल्याबरोबर प्रत्येक कड कानशीने मोडावी, मगच तुकडा मुलांच्या हाती द्यावा. दोन्ही टोकांना गाठ असलेले बंद पेर कधीही विस्तवावर धरू नये. आतली हवा तापून ते जोराने फुटते. शेकायचे असल्यास आधी भोक पाडावे.

१. टिपऱ्या

भरीव मानवेल किंवा माणग्याची २ ते २.५ सें.मी. जाडीची काठी घ्यावी. ३६ ते ४० सें.मी. लांबीचे दोन तुकडे एकाच काठीतून, शेजारशेजारचे कापावेत, म्हणजे दोहोंचा आवाज जुळतो. गाठींचे उंचवटे कानशीने सपाट करावेत आणि टोके गोल करावीत. साल काढू नये, खणखणीत आवाज त्या कठीण सालीमुळेच येतो. शेवटी जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा.

टिपरी धरायची जागाही ठरलेली आहे. अशी कांब वाजते तेव्हा तिची टोके आणि मध्य थरथरतात. मात्र प्रत्येक टोकापासून लांबीच्या साधारण २२ टक्के अंतरावरची जागा जवळजवळ स्थिर राहते. ३८ सें.मी.च्या टिपरीत ही जागा टोकापासून सुमारे ८.५ सें.मी.वर येते. तेथे सैल धरल्यास आवाज मोकळा येतो. मधोमध किंवा घट्ट मुठीत धरल्यास तो दबतो. त्या जागी रंगीत दोऱ्याची खूण करावी.

२. टोका

सुमारे ७५ सें.मी. लांबीचा, ४ ते ५ सें.मी. जाडीचा तुकडा घ्यावा. एका टोकाकडून अंदाजे १५ सें.मी.वर गाठ यावी. तेवढा भाग मूठ म्हणून अखंड राहील. गाठीच्या थोडे पुढे समोरासमोर दोन लहान भोके पाडावीत. चीर तेथे थांबते, पुढे सरकत नाही. आता दुसऱ्या टोकाकडून कोयत्याने हळूहळू त्या भोकांपर्यंत तुकडा चिरावा. चिरेच्या दोन्ही बाजूंनी एक-एक अरुंद पट्टी काढून टाकावी, म्हणजे दोन फाकांत बोटभर अंतर पडेल. फाकांची मुळे आतून थोडी तासून लवचिक करावीत आणि गाठीजवळ सुतळी घट्ट गुंडाळावी.

एका हाताने मूठ धरून टोका दुसऱ्या तळहातावर मारावा. दोन्ही फाका एकमेकींवर आपटून स्पष्ट टाळी वाजते. फाका जड वाटल्या तर आणखी तासाव्यात. ज्वारीवरची पाखरे हाकायलाही हा टोका चालतो. फक्त एकाच ठेक्यात दिवसभर वाजवू नये, पाखरे त्या आवाजाला सरावतात.

३. ठोकनळ्या

खालचे टोक गाठीने बंद आणि वरचे तोंड उघडे अशी नळी जमिनीवर ठोकली की आतली हवा घुमते आणि स्वर निघतो. कॅरिबियन समुद्रातल्या त्रिनिदाद बेटावर ब्रिटिश सरकारने १८८० च्या दशकात ढोलांवर निर्बंध आणले, तेव्हा तेथील लोकांनी अशाच बांबूंवर आपला ताल चालू ठेवला. त्या वाद्यवृंदाला तंबू बंबू म्हणतात.

स्वर आतल्या पोकळीच्या लांबीवर अवलंबून असतो. लांबी निम्मी केली की स्वर एक सप्तक वर जातो. आतून साधारण ४ सें.मी. व्यासाच्या सारख्या नळ्या घेतल्यास भूप रागाचे स्वर पुढील मापांनी मिळतात.

सा – ६० सें.मी.
रे – ५३.३ सें.मी.
ग – ४८ सें.मी.
प – ४० सें.मी.
ध – ३६ सें.मी.
तार सा – ३० सें.मी.

ही मापे तळाच्या पडद्यापासून वरच्या तोंडापर्यंत, आतून मोजावीत. गाठीखाली २ सें.मी. बांबू राखावा, म्हणजे ठोकताना मार पडद्यावर बसणार नाही. लांब नळ्यांत मध्ये गाठी येतील. त्यांचे पडदे लोखंडी सळईने फोडून आतून साफ करावेत. प्रत्येक नळी मापापेक्षा १ सें.मी. लांब कापावी, हार्मोनियमच्या स्वराशी ताडून पाहावी आणि तोंडाकडून थोडी थोडी घासत आणावी. नळी आखूड होईल तसा स्वर चढतो. जास्त घासलेली नळी परत लांब करता येत नाही. तोंडाच्या व्यासामुळे लहान नळ्या या मापापेक्षा किंचित आखूड भरतील, त्यात चूक काही नाही. शेवटचा निर्णय कानाने करावा. ठोकण्यासाठी दगडी फरशीवर पोत्याची घडी टाकावी.

ओल्या बांबूची नळी करू नये. ती बद्द वाजते आणि वाळताना तडकली की हवा चिरेतून निसटते. केलेली मेहनत एका उन्हाळ्यात वाया जाते.

४. खुळखुळा

३ ते ४ सें.मी. जाडीचे, दोन्ही गाठी शाबूत असलेले एक पेर घ्यावे. एका गाठीच्या पडद्याला १ सें.मी.चे भोक पाडून आतला भुसा झटकावा. पोकळीच्या पाव भागापेक्षा कमी दाणे भरावेत, जास्त भरल्यास ते हलत नाहीत. तांदळाचा आवाज मऊ येतो, ज्वारी-तुरीचा भरदार, चिंचोके आणि बारीक खड्यांचा टणक. धान्य आधी मंद भाजून घ्यावे, नाही तर आत सोंडे होतात. भोकात लाकडाची खुंटी सरसाने बसवून वरून घासून सपाट करावी.

येथे एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. गुंजेचे बी दिसायला सुंदर आणि आवाजाला चांगले असले तरी ते अत्यंत विषारी आहे. एरंडी आणि धोतऱ्याचे बीही तसेच. खुळखुळा फुटला तर बी मुलाच्या तोंडात जाऊ शकते. ही तिन्ही बियाणे मुळीच वापरू नयेत.

विक्री आणि नियम

एका काठीचा कोणताही भाग वाया जात नाही. बुंध्याकडचा जाड भाग टिपऱ्यांना, मधला भाग नळ्या आणि टोक्यांना, वरचा खुळखुळ्यांना येतो. शेंडे टोमॅटोच्या आधाराला आणि उरलेले तुकडे चुलीला जातात. तरीही लगेच मोठ्या कमाईचा हिशोब मांडू नये. आधी घरच्या मुलांसाठी आणि गावच्या शाळेसाठी एक संच करावा. शाळेच्या स्नेहसंमेलनात आणि गणेशोत्सवात तो वाजू द्यावा. वाळवणासह एका संचाला किती दिवस लागले, किती तुकडे तडकून गेले, याची वहीत नोंद ठेवावी. किंमत त्यावरून ठरवावी. बचत गटाने गावातल्या बुरूड कारागिराला शिकवायला बोलवावे आणि त्याची योग्य मजुरी द्यावी. चिरण्याचे जे कसब त्याच्या हातात आहे, ते कोणत्याही पुस्तकात सापडत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात चिचपल्ली येथे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, तेथेही प्रशिक्षणाची चौकशी करता येईल.

कायद्याविषयी थोडेसे. भारतीय वन अधिनियम, १९२७ मधील झाडाच्या व्याख्येत बांबूचा समावेश होता. नोव्हेंबर २०१७ मध्ये वटहुकूम काढून त्यातून बांबू वगळण्यात आला. त्यामुळे वनक्षेत्राबाहेर, स्वतःच्या शेतात लावलेला बांबू तोडणे सुलभ झाले. जंगलातील बांबूची गोष्ट वेगळी. वनहक्क कायदा, २००६ नुसार तो गौण वनउपज आहे आणि सामूहिक हक्क मिळालेल्या ग्रामसभेचा त्यावर अधिकार आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) ग्रामसभेला २०११ मध्ये वाहतुकीचे परवाने स्वतः देण्याचा अधिकार मिळाला. इतरांनी जंगलातून परवानगीशिवाय काठी आणू नये. मोठ्या प्रमाणावर माल बाहेर न्यायचा असल्यास जवळच्या वनविभाग कार्यालयात आधी चौकशी करावी.

शेवटचे काम

बंधू-भगिनींनो, हे सर्व ऐकून उद्याच कोयता घेऊन बेटात जाऊ नका. आधी तेलरंगाचा एक लहान डबा आणि ब्रश घेऊन जा. यंदाच्या पावसाळ्यात आलेल्या प्रत्येक नव्या काठीवर, डोळ्यांच्या उंचीवर, या वर्षाचा आकडा लिहा. दरवर्षी वेगळा रंग वापरा. हे काम अर्ध्या दिवसाचे आहे. त्यानंतर बेटातली कोणती काठी तोडायची आणि कोणती राखायची, हे घरातले शाळकरी पोरही अचूक सांगेल. तीन वर्षांनी त्याच पोराला आपला आकडा लिहिलेली काठी तोडायला बरोबर न्या. तिची टिपरी कशी वाजेल, हे त्याला टकटक करूनच कळेल.

आपल्या काही शंका असल्यास त्या आता जरूर विचाराव्यात.